खारूताईचा वेगळा पाव

पाववाल्याला सगळी गल्ली पाववाला म्हणूनच ओळखायची. सासरची माणसंसुद्धा. भुवया कायम पांढऱ्या, पायजमा पांढरा, केसांत मैदा. लग्नातल्या फोटोतही नवरदेवाच्या कानामागे पिठाचा पट्टा दिसतो, असं त्याचा मेहुणा शपथेवर सांगायचा. पाव मात्र असा करायचा की तो घ्यायला लोक सकाळी चपला घालायचं विसरून यायचे. बाकी सगळ्यात गडी कच्चा. बोलायला भित्रा, त्यात डॉक्टरांपुढे तर जीभ टाळ्यालाच चिकटायची.

त्याला एकच मुलगी, लग्नानंतर फार वर्षांनी झालेली. पावाचं कडक टोक दोन्ही हातांत धरून कुरतडत बसायची म्हणून तिचं नाव पडलं खारूताई. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, ते तिथंच राहिलं.

खारूताई वाढेना. नऊ वर्षांची झाली तरी वर्गाच्या फोटोत कुणाची तरी धाकटी बहीण चुकून येऊन बसल्यासारखी दिसायची. हातपाय काड्या, पोट तेवढं फुगलेलं. खाल्लं की दुखायचं, दुखलं की संडासात पळायची. जंतांची औषधं झाली, टॉनिकं झाली, 'नजर लागली असेल' म्हणणारेही झाले. शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं, नखं पाहिली आणि म्हणाल्या, "सीलिअ‍ॅकची शंका येतेय. गव्हातलं ग्लुटेन हिला सोसत नसावं. ते पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उठतं. रक्त तपासून घेऊ." त्या आणखीही एक वाक्य बोलल्या, पण 'गहू' म्हटल्यावर पाववाल्याच्या कानात पुढचं काही शिरलंच नाही. ज्या पिठावर पोरगी पोसली, तेच तिला खात होतं.

घरी येऊन त्याच दिवशी गहू बंद. वैरी कळल्यावर त्याला कोण ताटात वाढील? राहिलं रक्त. ते काढायला बायको तयार होईना.

"एवढीशी पोर, अंगात रक्त आहे कुठे द्यायला?" ती म्हणाली. "जरा अंग धरू दे, मग काढू की."

पाववाल्यालाही ते पटलं. मन आईबापांचं, डोकं कुणाचंच नव्हतं.

मग त्यानं तांदळाच्या पिठाचा पाव करायला घेतला. गल्लीला त्याचे हात माहीत होते, पण तांदळाला नव्हते. पहिला पाव मेहुण्यानं हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, "भावोजी, असे अजून शंभर करा, कंपाउंडची भिंत होईल." पाववाला हसला नाही. बेकरीत सगळीकडे मैदा उडतो, म्हणून घरातच वेगळं भांडं, वेगळा साचा ठेवून तो करत राहिला. बटाट्याचं पीठ घाल, इसबगोल घाल, यीस्ट वाढव. हळूहळू पाव फुगायला लागला, आणि खारूताईच्या गालांवरही मांस दिसायला लागलं. पोट दुखायचं थांबलं. आता हिच्या अंगात रक्त आहे, असं ठरवून दोघं तिला ऐटीत लॅबमध्ये घेऊन गेली.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. जो आकडा मर्यादेच्या वर असला की सीलिअ‍ॅकचा संशय पक्का होतो, तो मर्यादेच्या कितीतरी खाली होता. निगेटिव्ह म्हणजे रोग नाही, एवढं पाववाल्यालाही कळत होतं. त्यानं बेकरीतून गरम पाव आणला, कडक टोक तोडलं आणि पोरीच्या हातात दिलं. तिनं डोळे मिटून कुरतडलं. त्या क्षणी त्याच्याएवढा सुखी माणूस त्या गल्लीत नव्हता.

संध्याकाळी पोर पोट धरून बाथरूमच्या दारात बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, मग या दोघांकडे पाहिलं. "गहू कधी बंद केलात?"

दोघांनी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तपासणी होईपर्यंत जेवणात काही बदलू नका, असं मी म्हटलं होतं. गहू पोटात जातो तेव्हा शरीर चिडून रक्तात अँटीबॉडी सोडतं. आपण त्या मोजतो. गहू बंद झाला की त्याही हळूहळू ओसरतात. हा खालचा आकडा एकूण आयजीएचा, म्हणजे या अँटीबॉडी ज्या जातीच्या, त्या सगळ्या जातीचा. काहींच्या अंगात आयजीएच कमी असतं, मग वरचा आकडा फसवतो. हिचं तसं नाही, हे ठीक आहे. पण पोटात गहू नसताना घेतलेल्या रक्तावरून रोग नाही, असं म्हणता येत नाही."

हे मात्र पाववाल्याला लगेच कळलं. भट्टी विझवायची आणि मग चिमणीत धूर शोधायचा, असला उद्योग त्यांनी केला होता.

"मग आता?"

"पुन्हा गहू सुरू करायचा. रोज पावाचे दोन तुकडे, सहा आठवडे. मग रक्त. फारच त्रास झाला तर आपल्या मनानं बंद करायचं नाही, लगेच माझ्याकडे यायचं."

पाववाल्यानं विचारलं, "आणि नाहीच दिला तर? जन्मभर बंदच ठेवला तर?"

"ठेवाल हो. पण कशासाठी ठेवला ते कधी कळणार नाही. दुसरंच काही असलं तर ते आत तसंच राहील. आणि हाच आजार असला तर कणभरसुद्धा चालत नाही. खात्रीच नसेल तर मोठेपणी ती तरी इतकं कडक पाळेल का?"

इकडे आड, तिकडे विहीर. आणि पोरीला आडात सोडायचं कुणी, तर पाव करणाऱ्या बापानं.

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यासाठी मैद्याचा वेगळा, लहान पाव करायला लागला. इतकी वर्षं हात आपोआप चालायचे, आता ते पिठात घालायला त्याला स्वतःला ढकलावं लागायचं. खारूताई कुरतडायची नाही आता, औषधासारखा गिळायची. दुपारपर्यंत पोट फुगायचं, मग कळा. आई पाठीवरून हात फिरवत बसायची आणि पाववाला काम नसताना बेकरीत जाऊन ट्रे घासायचा. एकदा घासता घासता त्याच्या मनात आलं, एवढं सोसतेय तर देवा, रिपोर्ट तरी वाईट येऊ दे. आणि आपण काय मागितलं हे कळल्यावर त्यानं तोच घासलेला ट्रे पुन्हा घासायला घेतला.

असे तीन आठवडे गेले. एका दुपारी तो घरी आला तेव्हा पोर गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून मुटकुळं करून पडली होती. बापाचा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "बाबा, आजचा पाव मस्त फुगला होता हं."

तिथं पाववाला मोडला.

दुसऱ्या सकाळी त्यानं तांदळाचं पीठ काढलं. वरून दूधसाखरेचा हात फिरवला, रंग हुबेहूब आणला. आईनं चव घेतली असती तर चोरी पकडली गेली असती, पण तो पाव तोंडात घालायची तिची छाती नव्हती. खारूताईनं पहिला घास घेतला, बापाकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं सगळा संपवला.

चारआठ दिवसांत कळा थांबल्या. बायकोला आभाळ ठेंगणं झालं. "अहो, बघा ना, सोसतंय तिला! उगाच घाबरवलं आपल्याला." तिनं भावाला फोन करून सांगितलं, शेजारी सांगितलं. पाववाल्याचं मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. आज सांगू, उद्या सांगू करत तो रोज तांदूळ मळत राहिला.

सहा आठवडे संपले. लॅबमधल्या मुलीनं खारूताईची बाही वर सरकवली, दंडाला रबर बांधलं, बोटानं शीर शोधली. बायको खुर्चीच्या कडेला हसऱ्या चेहऱ्यानं बसली होती. रिपोर्ट चांगला येणार, हे पाववाल्याला ठाऊक होतं. तो घेऊन बायको घरी जाणार, आणि उद्यापासून बिनधास्त, प्रेमानं, पोरीला जन्मभर गहू वाढणार.

"थांबा," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "थांबा हो. तिच्या पोटात गहू नाही. मी... मी तांदळाचा देत होतो."

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचं हसू आधी गेलं, मग चेहऱ्यावरचा रंग गेला, आणि ती एवढंच म्हणाली, "म्हणजे पुन्हा?"

लॅबमधल्या मुलीनं रबर सोडलं. खारूताई दंडावरचा लाल वळ चोळत तिघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"पण आधी दुखलं होतं ना," तिनं विचारलं, "ते धरणार नाहीत?"

आईनं तिची बाही खाली ओढली. दुपारी पाववाला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन खाली मान घालून सगळं सांगून आला. पुन्हा पहिल्यापासून, त्या म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी त्यानं पाव आणून तिच्यापुढं ठेवला आणि या वेळी पळून न जाता समोरच बसला. तिनं कडक टोक तोडलं, दोन्ही हातांत धरलं, नाकाशी नेऊन हुंगलं.

"हा खरा आहे ना, बाबा?"

"हो गं."

तिनं डोळे मिटले आणि चावा घेतला.