बोलावल्याशिवाय

शैलाताई लंडनच्या एका भुताटकीच्या शोमध्ये रक्त पिणारी सरदारीण व्हायच्या. काळा मखमली झगा, खोटे सुळे, ओठांवर लालभडक रंग. "मी खानदानी आहे! बोलावल्याशिवाय कुणाचा उंबरा ओलांडत नाही!" अशा काही कडाडायच्या, की धिप्पाड गोरेसुद्धा मागे सरायचे.

लंडनच्याच हॅरो भागात, आमच्या रस्त्यावरही तोच रुबाब. नवरा गेल्यावर तर आवाज आणखीच चढला. त्यांना रडताना कुणी पाहिलं नाही. फक्त टिकली लावावी की नाही, हे काही त्यांचं ठरत नसे. बोट सारखं रिकाम्या कपाळाकडे जायचं.

दोन हजार सहाच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सासूबाईंनी सगळ्या बायकांना फोन केले, फक्त शैलाताईंना सोडून. माझं डोकंच फिरलं. मी तडक समोरच्या त्यांच्या घरी जाऊन सांगून आले, "तुम्ही यायचंच."

त्या आल्या. ओठांवरचा रंग घासून काढलेला, अंगावर मोतिया साडी. दार उघडंच होतं. मी कुंकवाचा करंडा घेऊन "या ना आत" म्हणत राहिले. त्यांची नजर मात्र माझ्यामागे सासूबाईंवर. सासूबाई तिळगुळाच्या वड्या लावत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आई, बोलवा ना त्यांना!" मी ओरडलेच.

"राहू दे गं. घर त्यांचं आहे," शैलाताई म्हणाल्या.

एरवी निघताना "येते हं" म्हणणाऱ्या शैलाताई त्या दिवशी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "जाते."