तिरका शिक्का

कारखान्यात सगळे त्यांना शिक्केवाले म्हणत. साबणाची वडी साच्यातून निघाली, की तिच्यावर कंपनीचा शिक्का हाताने ठोकायचा, हे त्यांचं काम. तेव्हा कंपनी म्हणजे पत्र्याची शेड, एक भलीमोठी कढई आणि सदा घाईत असलेले मालक, एवढाच कारभार. कढईवर शिक्केवाल्यांचा थोरला भाऊ असे.

एका सकाळी कढईवरची फळी मोडली आणि दादा उकळत्या साबणात पडला. शिक्केवाल्यांनी कोपरापर्यंत हात घालून त्याला ओढून काढलं. दादा वाचला नाही. यांचा हात वाचला, पण मनगट कायमचं आखडलं. कामावर परतले, तर प्रत्येक शिक्का तिरका पडू लागला. वडी फिरवून तो सरळ मारता आला असता, पण वड्या एकामागून एक घसरत यायच्या. तेवढी उसंत कुठली! मालकांनी कपाळाला हात लावला, पण त्यांना काढलं नाही. एवढं माप मालकांच्या पदरात टाकायलाच हवं.

पुढे गंमतच झाली. बाजारात नकली साबण आला आणि त्याचा शिक्का बिचारा अगदी सरळ. दुकानदार सांगू लागले, तिरका बघून घ्या. साबण हातोहात खपू लागला. शेडच्या इमारती झाल्या, मग टूथपेस्ट आली, शाम्पू आला, समुद्रापलीकडे कारखाने उभे राहिले. शिक्के मारायला यंत्रं आली आणि त्यांनाही तिरकंच मारायला लावलं. अर्ध्या जगाच्या न्हाणीघरात ती खूण पोचली. दादामागे राहिलेल्या वहिनींच्या न्हाणीघरात मात्र नाही. त्यांनी तो साबण पुन्हा घरात येऊ दिला नाही आणि दिरानेही कधी आणला नाही.

कंपनीने जुन्या शेडचं संग्रहालय केलं, तेव्हा शिक्केवाल्यांना बोलावणं आलं. पाहुण्यांसमोर एक वडी हाताने ठोकून दाखवायची होती. वहिनी यायला तयार नव्हत्या.

"कंपनीचा इतिहास सांगणार आहेत, वहिनी. दादाचा विषय काढतीलच."

"काढला तर ऐकते, भाऊजी. नाही काढला, तर पुन्हा मला तिथे नेऊ नका."

आधी पडद्यावर फिल्म दाखवली. मालक, जहाजं, देशोदेशीचे कारखाने. मग एक भारदस्त आवाज म्हणाला, तिरक्या शिक्क्याची कल्पना मालकांना सकाळी फिरताना सुचली. पुढे झेपावणाऱ्या कंपनीची ती खूण. टाळ्या पडल्या. दादाबद्दल चकार शब्द नाही. पहिल्या रांगेत वहिनींनी खालची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

त्यांना मंचावर नेलं. मागे तीच कढई, घासूनपुसून ठेवलेली. टेबलावर एक वडी आणि जुना शिक्का. आज मागून दुसरी वडी येणार नव्हती. त्यांनी डाव्या हाताने वडी हळूहळू फिरवली, नजरेने जोखली आणि आखडलेल्या हाताने शिक्का ठोकला. सरळ.

"आजोबा, चुकलं," जाहिरात खात्यातली मुलगी कुजबुजली. "तिरका पाहिजे ना?" माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"चुकलं नाही, पोरी." त्यांनी बाही वर सारली. भाजल्याचे व्रण कोपरापर्यंत गेले होते. "या कढईत माझा दादा पडला. त्याला काढताना माझं मनगट वाकडं झालं, म्हणून शिक्का तिरका झाला. दादा असता, तर असा सरळ पडला असता."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वडी घेऊन ते खाली उतरले आणि वहिनींसमोर उभे राहिले. वहिनींनी ती हातात घेतली, सरळ शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि पिशवीत ठेवली.

"चला भाऊजी," त्या म्हणाल्या, "हा घरी नेऊ."