कापलेला प्रवेश

दामूभाऊ राऊत कविता ऐकताना डोळे मिटून बसत आणि एखादी ओळ खोटी वाटली की हाताचा पंजा वर करत. बस्स, तिथेच थांबायचं. मग सावकाश म्हणत, "इथे तू नाहीस रे." उमेळ्याला त्यांच्या ओट्यावर दर रविवारी आम्ही पाचजण जमायचो. मागे केळीची वाडी, समोर नव्या इमारतीचं बांधकाम आणि मध्ये आमच्या कविता. मी चंदनसारहून दोन रिक्षा बदलून जायचो, ते त्या पंज्याने केलेला अपमान गिळायला. एकदा एका कविसंमेलनात मला भरपूर टाळ्या मिळाल्या, तर भाऊ म्हणाले, "टाळ्या झाल्या, आता कविता लिही." असा संताप यायचा! पण पुढच्या रविवारी मी पुन्हा हजर.

नाटकं ते गावच्या बोलीत लिहीत आणि गावातल्याच माणसांना उभं करत. दिग्दर्शन माझ्याकडे असे.

गेल्या वर्षी त्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काढले तर खूप. आम्ही हादरलो, आणि कवी हादरला की दुसरं काय करणार? लिहायला बसलो. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाचही श्रद्धांजल्या तयार, आणि आम्ही शहाण्यांनी त्या फोनवरच्या आमच्या रविवारच्या ग्रुपवर टाकल्या. त्या ग्रुपवर दामूभाऊ स्वतः आहेत, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. भाऊ सावरले, घरी परतले आणि त्यांचा निरोप आला: सगळ्यांनी रविवारी कविता घेऊन या, मला माझ्याच तोंडावर ऐकायच्यात.

लाजेने मेल्यासारखे गेलो. भाऊ उशीला टेकून बसले होते, पार वाळलेले. चौघांच्या कविता त्यांनी मजेत ऐकल्या. एकाने त्यांना वटवृक्ष म्हटलं होतं. भाऊ म्हणाले, "माझ्या सावलीत साधी भेंडी उगवली नाही, वटवृक्ष कसला?" सगळे हसले. मी शेवटचा. तिसऱ्या कडव्यात मी लिहिलं होतं, की आपल्यात कधी आडपडदा नव्हता. पंजा वर आला. मी तिथेच थांबलो. वहिनींनी चहाला आत बोलावलं तेव्हा मला मात्र त्यांनी हात धरून थांबवलं. ते काय काढणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

बारा वर्षांपूर्वी स्पर्धेत आमचं नाटक होतं. शेवटच्या प्रवेशात विकलेल्या वाडीतून न हलणारी एक म्हातारी यायची. ते काम कुसुमताईंचं. आचोळ्याला राहणाऱ्या, भाऊंच्या मामेबहीण. अख्ख्या नाटकात त्यांना तेवढा एकच प्रवेश होता. वेळ पुरणार नाही या धास्तीने मी ऐनवेळी तो कापला. कुसुमताई लुगडं नेसून, केस पांढरे करून तयार बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी हिंमत झाली नाही. सांगून टाकलं, "भाऊंनीच कापलाय."

बक्षीस मिळालं. कुसुमताईंनी भाऊंना जाब विचारला तेव्हा त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हो, मीच कापला. त्यानंतर ताई रंगमंचावर आल्या नाहीत, आणि या ओट्यावरही नाहीत. भाऊ मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. भेकडच मी.

"तेव्हा तू नवा होतास," भाऊ त्या दिवशी म्हणाले. "मी खरं बोललो असतो तर तुझ्या हाताखाली कुणी उभं राहिलं नसतं. आता कुसुमला सांग. मी आहे तोवर सांग. तिने एकदा इथे येऊन बसावं, एवढंच राहिलंय माझं."

मी शब्द दिला. पण सांगायचं कसं? मला वाटलं, कवितेतच लिहावं, नीट, त्यांना शोभेल असं. चौथ्या दिवशी भाऊंचा फोन आला. मी म्हटलं, लिहितोय. त्यांना धाप लागत होती. म्हणाले, "लिहू नकोस. जा." मी हो म्हटलं आणि पुन्हा दुसऱ्या कडव्याकडे वळलो. एक शब्द मनासारखा बसत नव्हता. नवव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. भाऊ गेले होते.

शोकसभा त्यांच्याच अंगणात झाली. चौघांच्या कविता झाल्यावर मी माझी वाचली. प्रवेश मी कापला, खोटं मी बोललो, सगळं होतं त्यात. कुसुमताई समोरच बसल्या होत्या. वाचून झालं. त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि भाऊंना हे माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, त्यांनीच मला सांगायला सांगितलं होतं, जायच्या आठ दिवस आधी. कविता पुरी होत नव्हती.

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"आचोळ्याहून इथे यायला रिक्षाने अर्धा तास लागतो, विलास," त्या म्हणाल्या. "मी आले असते."