मंगळावरची बहीण

मंगळावर माणूस पाठवण्याचा विचार रशिया-अमेरिकेच्या डोक्यात शिरण्याआधीच आमचे ड्रॉइंग मास्तर त्याला पनवेलहून रवाना करून मोकळे झाले होते, हे मी आजही कोणाशीही पैज लावून सांगेन. शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी मराठी. घरी मात्र जुन्या नकाशांच्या कोऱ्या पाठीवर चौकटी आखून ते एक चित्रकथा काढत. चित्रं त्यांची, पात्रांच्या तोंडचे शब्द माझे. कथा साधी होती. एका तरुणाची धाकटी बहीण मंगळावरचे लोक पळवून नेतात आणि हा स्वतः यान बांधून तिला आणायला निघतो. वर्षानुवर्षं तो निघालेलाच होता. वाटेत उल्का आडव्या येत, लोखंडी माणसं अंगावर धावून येत, आणि तो सगळ्यांना एकच ऐकवी, "बाजूला व्हा, माझी बहीण एकटी असेल." एकदा कंटाळून मी ते वाक्य गाळलं, तर मास्तर शाळेत माझ्याशी बोलेनासे झाले.

त्यांची खरी बहीण बेबी घरातच होती. वडील लवकर गेले, आई गेली तेव्हा बेबी रांगत होती. मास्तरांनीच तिला वाढवलं. तिच्या वेण्या ते इतक्या घट्ट घालत की बिचारीच्या भुवया कायम वर ताणलेल्या असत आणि नव्या शिक्षकांना वाटे, या मुलीला प्रत्येक गोष्टीचं आश्चर्यच वाटतं. पुढे ती नर्स होऊन बाजारातल्या दवाखान्यात लागली, तरी संध्याकाळी मास्तर तिला आणायला दाराशी हजर. "दादा, मी आता लोकांना इंजेक्शनं देते," ती वैतागून म्हणायची. "दे की," मास्तर म्हणायचे, "पण रस्त्यात कुत्री आहेत."

मास्तर बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा विसाव्याचा दिवस लागे, शनिवारी घरी चूल पेटत नसे, आणि अवकाशातही तोच नियम. शुक्रवारी दिवेलागणीला यान थांबायचं ते शनिवारी रात्रीपर्यंत तसंच अधांतरी. मी एकदा हटकलं, "मास्तर, तिथे सूर्य मावळतच नाही. शुक्रवारची संध्याकाळ कळायची कशी?" "पनवेलच्या घड्याळावर," मास्तर शांतपणे म्हणाले. यान सुटण्यापूर्वी त्यांच्या रिवाजाप्रमाणे गोड पोह्यांचा मलिदा झाला होता, तोही त्यांनी केळी आणि खजुरासकट रंगवला होता. आणि हा एवढा अवकाशवीर घडवणारा माणूस मुंबईहून मोरा बंदराला येणाऱ्या लाँचमध्ये पाय ठेवायला तयार नसे. एकदाच तिच्यातून उरणपर्यंत आले, ते पुढे पनवेलला बैलगाडीने. समुद्र लागतो म्हणे.

रविवारी नवं पान ओटीवर दोरीला टांगलं जाई. लोक वाचत थांबत. खाडीवरची मासळीवाली मावशी पाटी उतरवून माझ्याकडून वाचून घ्यायची आणि मास्तरांवर करवादायची, "पोरगी गावली का नाय अजून? किती दिस आमी वाट बघायची?" आतून बेबी ओरडायची, "मावशी, मी इथेच आहे, पोळ्या लाटतेय!" मुंबईच्या एका मासिकाच्या कचेरीत जाऊन आम्ही संपादकांना ही पानं दाखवली. चित्रं त्यांना पसंत पडली. फक्त बहीण काढून टाका म्हणाले, वैज्ञानिक कथेत तिचं काय काम? मास्तरांनी पानं गोळा केली. "बहीण नसेल तर तो मंगळावर जाईल कशाला? हवापालटाला?" जिन्यात मी चडफडत होतो, मास्तर मात्र एकदम खुशीत होते.

पुढे त्यांच्या समाजातली माणसं एकेक करून इस्राएलला जायला लागली. बेबीची मामेबहीण गेली आणि तिथल्या इस्पितळात नर्सेस हव्यात असं तिने कळवलं. बेबीला जायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते इतकं स्पष्ट दिसे की तिला बोलावंही लागलं नाही. "तूही चल," ती मास्तरांना म्हणाली. "मला समुद्र लागतो," मास्तर म्हणाले. मग तिने सांगून टाकलं की दादाने हो म्हटल्याशिवाय ती जाणार नाही. मास्तर हो म्हणेनात, नाही म्हणेनात. नुसती चित्रं काढत राहिले.

आणि एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्यासमोर पान ठेवलं. यान मंगळावर पोचलं होतं. दारात बहीण उभी होती, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, छान हसत. कोणी पळवून नेल्याची काही खूण तिच्यावर दिसत नव्हती. तिच्या तोंडाजवळची जागा कोरी होती, पुढच्या चौकटीत भावाचीही. "लिहा," मास्तर म्हणाले. "ती काय म्हणेल?" मी टाक उचलला आणि पुन्हा ठेवला. म्हटलं, "मास्तर, हे बेबीलाच विचारा." शाळा सुटल्यावर मास्तर मला बरोबर घेऊन घरी आले.

बेबीने कणकेचे हात पुसले आणि पान नीट पाहिलं. माझ्याकडून टाक घेऊन तिने लिहिलं, "दादा, मी इथे बरी आहे. तू जेवून निघालास ना?" मास्तरांनी ते वाचलं. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. तो साफ व्हायला फार वेळ लागला. शेवटी टाक माझ्याकडे न देता त्यांनी स्वतःच्या किरट्या अक्षरात भावाचं उत्तर लिहिलं, "जेवलो. तू राहा." सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. बेबी आत गेली आणि तिने त्यांचं पान वाढलं.

बेबीची बोट मुंबईहून सुटली त्या दिवशी मास्तर धक्क्यावर गेले होते. पाण्याकडे पाठ करून उभे होते म्हणतात. काही दिवसांनी मी त्यांना म्हटलं, "मास्तर, नवी गोष्ट सुरू करू या. मी शब्द लिहितो." ते पोरांच्या चित्रांना मार्क देत होते. मान वर न करता म्हणाले, "नको. ती सुखात आहे. आता कोणाला आणायला जायचं?" मला त्यांच्याबद्दल फार माया दाटून आली. मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि जेवायला आमच्या घरी घेऊन गेलो.