बशीतली काजळी

"हिले रंग कायले? हे तं घरूनच लावून आली."

संस्थाचालकांच्या पत्नी म्हणाल्या आणि बाकीच्या मॅडम खदखदून हसल्या. मी शिकवायचे त्या साकोलीच्या शाळेचं गॅदरिंग. पहिलीची पोरं आफ्रिकन डान्स करणार, म्हणून त्यांच्या वर्गाच्या बाई बशीत खोबरेल तेलात काजळी कालवून एकेकाचं तोंड काळं करत होत्या. मैत्री नावाच्या पोरीपाशी आल्या आणि हात थांबला. मैत्री सहा वर्षांची. माझ्यासारखीच काळी.

मला हे हसू ओळखीचं होतं. गावच्या शाळेत दर नाटकात मीच राक्षसीण. "मेकअप वाचला," गुरुजी म्हणायचे. घरी आईला मी सांगायचे, परी झाले.

हा नाच मी मोबाईलवर पाहून शिकले. माझ्या रंगाची माणसं मान ताठ करून नाचताना पहिल्यांदा तिथंच दिसली. खूप रडले होते. मुलांना म्हटलं, गुडघे वाकवा, धानाच्या रोवणीत आई चिखलात पाय टाकते तसा टाका. पोरांना लगेच जमलं. मैत्रीला सगळ्यात छान. म्हणून तिला मधोमध उभी केली होती.

तिनं माझी ओढणी ओढली.

"मॅडम, मलेबी लावा ना."

"कायले बेटा?"

"मंग सगळ्यायसंग मीबी धुईन. माह्यंबी निंघन ना?"

मी बाईंच्या हातातली बशी घेतली आणि नालीत उपडी केली. पोरांना नळावर नेलं. एकेकाचं तोंड धुतलं.

"मॅडम, रंगाशिवाय आफ्रिकन कसे दिसतील?" बाई म्हणाल्या.

"माणसं दिसतील," मी म्हटलं.

रंग नाही म्हणून नाच रद्द झाला. ओल्या तोंडाची पोरं स्टेजमागे उभी राहिली. दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. त्याचं काही नाही. पण मी शाळेतून निघताना मैत्रीनं विचारलं, "माह्याच्यानं झालं का मॅडम?" नाही म्हटलं. तिला पटलं नाही. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं आणि ते मला अजून झोपू देत नाही.

आता रविवारी बुद्धविहाराच्या अंगणात नाच शिकवते. पोरं येतात. मैत्री येत नाही. तिची आई म्हणते, नाचाचं नाव काढलं की कोपऱ्यात जाऊन बसते.

मधली जागा मी कुणाला देत नाही. दर रविवारी रिकामी ठेवते आणि नाच तिच्याभोवती बसवते. आणि या अंगणात कुणाच्याही तोंडाला काजळी लागू देणार नाही. कुणी बशी घेऊन आलंच, तर तीही नालीतच जाईल.