भरावावरचं मीठ

साखराबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते नव्या रेल्वेच्या भरावावर. त्या उकिडव्या बसून पदरातले मिठाचे खडे एका सपाट दगडावर मांडत होत्या. खाली त्यांची मेंढरं दाटीने उभी होती. माना ताणून वर बघत होती, पण ताज्या लाल मुरमावर पाय ठेवायला एकही तयार नव्हतं.

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. बीड-परळी रेल्वेचं काम आमच्या धामणवाडीच्या शिवारात पोचलं होतं, आणि सकाळी उठून कुठे जायचं हा माझा प्रश्न त्या कामाने परस्पर सोडवला होता. डंपर मुरूम ओतायचे, रोलर तो दाबायचा आणि आम्ही रिकामी माणसं उभ्याने ते बघायचो.

"काय करताय बाई?" मी खालूनच विचारलं.

"शाळा भरवलीय, गुर्जी," त्या म्हणाल्या. "मेंढरू नव्या मातीला भेतंय. एकदा एक वर आलं का बाकीची इचारीत न्हाईत."

थोड्या वेळाने कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक तरणी मेंढी पाय रोवत वर चढली. साखराबाईंनी तिला तळहातावरचं मीठ चाटवलं. "आली माजी चांदी," त्या म्हणाल्या. मग पाठोपाठ सगळा कळप भरावावर आला, मीठ चाटून पलीकडे उतरला आणि गायरानाकडे गेला. माझ्या नोकरीत मी इतक्या लवकर कुणाला काही शिकवल्याचं मला आठवत नाही.

या सोमेश्वरच्या आई, हे मला मागाहून कळलं. सोमेश्वर माझा विद्यार्थी. पण त्याचे आईवडील वर्षातले कितीतरी महिने मेंढरं घेऊन बाहेर असायचे, म्हणून शाळेत त्यांची गाठ कधी पडली नव्हती. वडील गेल्यावर साखराबाईंनी लांब जाणं बंद केलं. वस्तीवर राहून आसपास चारायचं, एवढंच ठेवलं. वस्ती भरावाच्या एका अंगाला, गायरान आणि पाझर तलाव दुसऱ्या अंगाला. म्हणजे सकाळी एकदा आणि दिवस मावळताना एकदा, कळपाला भराव ओलांडावाच लागे.

आमची बैठक रामहरीच्या चहाच्या टपरीवर भरायची. रेल्वेचं काम आज कुठवर आलं, याचे व्हिडिओ टाकणारी पोरं जिल्ह्यात निघाली होती. रामहरी ते गिऱ्हाइकांना मोबाईलवर दाखवायचा. कुठल्या पुलावर गर्डर चढला, कुठे खडी पडली, हे आम्हाला घरातल्या भाजीच्या आधी कळायचं.

"माज्या लग्नात सासरा म्हणला, जावईबापू, पुढच्या दिवाळसणाला रेल्वेनं या," रामहरी सांगायचा. "आता माजा जावई मोटरसायकलवर येतोय, तरी रेल्वे येईना."

साखराबाई टपरीवर थांबत नसत. जाताजाता उभ्यानेच विचारायच्या, "काय म्हनतीय गाडी?" त्यांची चौकशी आमच्यासारखी हौसेची नव्हती. भराव वर्षागणिक उंच होत होता आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती. मेंढरं कुठून जाणार? कामावरच्या साहेबांना त्यांनी हे इतक्यांदा विचारलं की ते लांबूनच हात वर करायचे, "आहे मावशी, लक्षात आहे!"

साहेब विदर्भातला तरणा मुलगा होता आणि त्याच्या खरंच लक्षात राहिलं. ओढ्याशेजारी भरावाखालून सिमेंटचा चौकोनी बोगदा निघाला, बैलगाडी जाईल एवढा. "मावशी, तुमच्यासाठी दरवाजा ठेवला बघा," तो म्हणाला.

पण पावसाळ्यात त्यात पाणी साचलं. पाणी आटल्यावर चिखल राहिला आणि चिखल वाळला तरी आतला अंधार होताच. मेंढरं तोंडाशी येऊन थबकायची आणि वळून, सवयीने, वर चढायची. साखराबाईंनीही तेव्हा त्यांना अडवलं नाही. वर त्यांचा मिठाचा दगड होता. खडी पडली, स्लीपर आले, रूळही जोडले गेले, तरी दगडावरचं मीठ चालूच राहिलं. खडीवर मेंढरांचे पाय अडखळतात, म्हणून उलट त्या मूठभर जास्तच ठेवायच्या.

साहेबांनी एकदा बजावलं, "मावशी, आता वरून बंद करा."

"करते की. गाडी तर येऊ द्या," त्या म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात गाडी यायची वेळ आली. संक्रांत झाली की आमच्या टप्प्यात चाचणीचं इंजिन धावणार, अशी बातमी रामहरीच्या मोबाईलवर आली. त्याच आठवड्यात सोमेश्वर मांजरसुंब्याहून घरी आला. तो तिथल्या एका ढाब्यावर स्वयंपाकी आहे. त्याने मला मुद्दाम वस्तीवर बोलावून नेलं. "तुमी असलात म्हंजी आई जरा ऐकून तरी घेती," म्हणाला.

त्याने आईपुढे मोबाईल धरला. दूरच्या कुठल्यातरी राज्यातला फोटो होता. रुळावर आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना लांबवर मेंढरं पडली होती. त्यांच्यात एक म्हातारा डोक्याला हात लावून बसला होता.

"पुढचं एक गेलं आन् बाकीची त्याच्या मागं," सोमेश्वर म्हणाला. "डायवर तरी काय करील? गाडी काय बैल हाय का, ओ म्हणलं का थांबायला? आई, परळीचा व्यापारी समदा कळप घ्यायला तयार हाय. गाडी चालू व्हायच्या आत इकून टाकू."

साखराबाईंनी फोटो बघून मोबाईल हाताने बाजूला सारला. मग म्हणाल्या, "आन् मी काय करू? तुज्या ढाब्यावर कांदे चिरू?"

"चिर की. सावलीत बसशील."

"आत्या तुमच्या गिऱ्हाइकालाबी मेंढरागत हाकतील, ऱ्हाईल का त्ये जागंवर?" चुलीपाशी बसलेली अंजू म्हणाली. अंजू ही सोमेश्वरची बायको आणि साखराबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. तिला सासूची बाजू घ्यायचा दुहेरी हक्क होता.

सोमेश्वर हसला नाही. "आई, मला रातीला झोप न्हाई. मेंढरांचं जाऊ दे, त्यांच्या मागं तू पळशील रुळावर. मला म्हाईत हाय तू पळशील."

त्यावर साखराबाईंनीच अट घातली. चाचणीच्या दिवशी कळप बोगद्यातून गेला आणि बोगद्यातून आला, तर ठेवायचा. एक जरी वर चढलं, तर सोमेश्वरने व्यापाऱ्याला बोलवावं. "गुर्जींसमोर बोलते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मिठाचा दगड भरावावरून हलवला आणि बोगद्यात मधोमध नेऊन ठेवला. मी बघायला गेलो होतो. चांदी सरळ वर चढली, जुन्या जागी गेली आणि तिथली कोरडी खडी चाटू लागली. कळप तिच्या मागे. साखराबाईंनी ती खडी धुतली, वरखाली केली, तिथे काटेरी फांद्या टाकल्या. मेंढरं फांद्यांना वळसा घालून तिथेच जायची.

सकाळचं कसंबसं जमू लागलं. अंजू एका अंगाने, कुत्रा दुसऱ्या अंगाने, मध्ये साखराबाई, अशी रेटून रेटून मेंढरं बोगद्यातून पलीकडे निघायची. खरं संकट होतं संध्याकाळचं. ते दिवस व्यायलेल्या मेंढ्यांचे. कोकरं लहान, म्हणून दिवसभर वस्तीवर टोपल्यांखाली डालून ठेवलेली. संध्याकाळी आयांच्या कासा दुधाने ताठायच्या आणि त्या घराकडे अशा सुटायच्या की कुत्रा काय आणि काठी काय. ठाऊक असलेली जवळची वाट एकच होती, रुळावरची.

साखराबाईंचा आवाज त्या आठवड्यात बसला. वाटेत भेटल्या तरी थांबेनात. "काय म्हनतीय गाडी?" हेही विचारीनात.

मग एक दिवस अंजू म्हणाली, "आत्या, आया कोकरांसाठीच पळत्यात ना? मग कोकरंच बोगद्यात नेऊन ठिवली तर?"

त्या संध्याकाळी टोपलीत घालून, कडेवर घेऊन त्यांनी कोकरं बोगद्यात नेली. साखराबाई त्यांच्यात बसल्या. कोकरं भुकेने ओरडू लागली आणि सिमेंटच्या त्या पेटीत आवाज घुमून गायरानापर्यंत गेला. आया धावत आल्या, तोंडाशी क्षणभर थबकल्या आणि आत घुसल्या.

पण चांदी आली नाही. ती आणि आणखी दोघी जणी. आता त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, कोकरं नव्हती. बोगद्यात त्यांचं कुणी ओरडत नव्हतं. त्या वर गेल्या आणि त्यांच्या मागे एक-दोन पाट्या, म्हणजे न व्यायलेल्या तरण्या मेंढ्याही, घुटमळत गेल्या. पुढचे दिवस हेच चाललं. कधी तिघी खालून यायच्या, कधी वरून.

चाचणीचा दिवस उजाडला. इंजिन सकाळी येणार होतं. मेंढरं नीट खालून गेली आणि आम्हा सगळ्यांना वाटलं, इंजिन आता जाईल, संध्याकाळ मोकळी मिळेल. पण दुपार झाली तरी इंजिन आलं नाही. मागे कुठेतरी थांबलंय, एवढंच रामहरीचा मोबाईल सांगत होता. गाव भरावापासून दूर दोरी बांधून उभं होतं. हलगीवाले आले होते. गुलाल होता, नारळ होते आणि रामहरीने फटाक्यांची लांबलचक माळ आणली होती.

उन्हं उतरली. गायरानावर मेंढरांची डोकी वर झालेली मला दिसली. सोमेश्वर रजा काढून आला होता. तो आणि अंजू भरावाच्या पायथ्याशी उभे होते. साखराबाई कोकरं घेऊन केव्हाच बोगद्यात शिरल्या होत्या.

मी रामहरीकडे गेलो. "मेंढरं पार होईपर्यंत माळ पेटवू नको. हलगीही थांबव."

"गुर्जी, एवढ्या वर्सांनी गाडी येतीय आन् मुक्यानं बघू का?"

"घटकाभर मुक्याने बघ."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काडेपेटी खिशात टाकली. हलगी थांबली. त्या शांततेत कोकरांचं ओरडणं ऐकू आलं आणि त्याच्यावरून, खूप लांबून, इंजिनाचा भोंगा.

कळप सुटला. धुळीचा एक पट्टा गायरानावरून खाली आला. पुढच्या आया ओढ्याकडे वळल्या, बोगद्याच्या तोंडाशी दाटल्या आणि एकेक आत जाऊ लागल्या. "हर्रर्रऽ य्यो, य्यो," असा साखराबाईंचा बसका आवाज आतून येत होता. मी श्वास सोडणार तोच चांदी ओळीतून बाहेर पडली. तिच्या मागे त्या दोघी. त्यांच्या मागे काही पाट्या थांबल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

चांदी चढून जुन्या जागी गेली आणि मान खाली घालून खडी चाटू लागली.

"आत्या! भाईर या! चांदी वर गेली!" अंजू ओरडली.

साखराबाई बाहेर आल्या नाहीत. त्यांचा आवाज तसाच चालू राहिला, य्यो, य्यो. त्या बाहेर आल्या असत्या तर कोकरं मागे आली असती आणि आत शिरलेल्या आया माघारी फिरल्या असत्या. हे मला मागाहून समजलं. त्या क्षणी मात्र मला त्यांचा राग आला होता.

इंजिन वळणावर दिसलं. भोंगा आता थांबतच नव्हता. अंजूने हात पसरून पाट्यांना खाली रेटलं. सोमेश्वर खडीवरून चारी हातापायांनी वर चढला. त्याने चांदीचा मागचा पाय धरला आणि तिच्यासकट भरावावरून गडगडत खाली आला. ती खाली गेली म्हणून दुसऱ्या दोघी तिच्या मागे उड्या टाकत उतरल्या. मेंढरांचा धर्मच तो. इंजिन वरून गेलं. त्याने वेग कमी केला होता की नाही, मला सांगता येणार नाही. ड्रायव्हरने लोकांना हात केला. मग रामहरीची माळ पेटली, हलगी कडाडली, गुलाल उडाला आणि गावातल्या बहुतेकांना मधलं काहीच कळलं नाही.

बोगद्याच्या पलीकडे कोकरं आयांना लुचत होती. सोमेश्वर बसून कोपरात रुतलेली खडी काढत होता. साखराबाई बाहेर आल्या, आधी त्याचं कोपर बघितलं, मग चांदीचा पाय.

"आई, ठरलं होतं," सोमेश्वर हळू आवाजात म्हणाला.

"ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "एक जरी चढलं तर. तीन चढली."

"मग?"

"ज्या चढल्या त्या ने. ज्या खालून आल्या त्या मी ठिवणार."

"चांदीला?" सोमेश्वरने विचारलं. आता त्यालाच ते अवघड जात होतं. "तिला कशाला? बांधून ठिवू घरी."

"बांधलेलं मेंढरू ऱ्हातंय व्हय? दाव्याला हिसडे मारून मरंल. आन् सुटली का परत तिथंच. तिला मीच शिकवलंय, बाबा. आता ती कशी इसरंल?" त्यांनी चांदीच्या पायावरची धूळ झटकली. "ती वर गेली का पाट्या तिच्या मागं जाणार. आन् पाट्यांच्या मागं मी."

कळप विकायचा विषय सोमेश्वरने पुन्हा काढला नाही.

शुक्रवारी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. साखराबाईंनी तिघींना तळहातावर मीठ चाटवलं, चांदीला सगळ्यांत शेवटी. टेम्पो वळणाआड जायच्या आधीच त्या काठी घेऊन गायरानाकडे निघाल्या.

आता त्या रुळावरून खडीच्या आणि सामानाच्या गाड्या येतात-जातात. प्रवाशांची गाडी कधी, याचे व्हिडिओ रामहरी रोज दाखवतो. साखराबाई सकाळी कळप घेऊन बोगद्यातून पलीकडे जातात आणि संध्याकाळी बोगद्यातूनच परत येतात. मीठ त्या मेंढरांना आता वस्तीवर, दारापुढच्या दगडावर देतात.