विहिरीचे कोमट पाणी

दादा घसरून बुडाला, एवढेच मी आमच्या वळसंग गावात सर्वांना सांगितले. त्याआधी त्याने मला त्याला वर ओढून घ्यायला सांगितले होते आणि मी घेतले नव्हते, हे मी अनेक वर्षे कोणालाच कळू दिले नाही.

पौषातली सकाळ होती. आमच्या विहिरीतल्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप, गाळाने तुंबला होता. लाइट येण्याआधी तो मोकळा करायचा म्हणून दादा दोराला धरून छातीभर पाण्यात उतरला. मी काठावर होतो. हिवाळ्यात विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट लागते. "वरच्यापरीस हितंच बरं हाय की," तो हसला. ते कोमट पाणीही हळूहळू अंगातली ऊब ओढून घेते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

काम लांबले. त्याचे दात वाजू लागले. "वर घे रं, लई गारठलोय."

"थांब की थोडं, थंडी मरंल," मी म्हणालो. मला दुपारच्या एसटीने सोलापूरला परतायचे होते.

खरोखरच काही वेळाने त्याची थरथर थांबली. मला हायसे वाटले. तो बोलू लागला, पण शब्द अडखळत होते. ते ऐकून जवळच्या बांधावरून शेतशेजारी ओरडला, "सकाळीच घेतलीस व्हय रं?" मीही हसलो. मग दादाने दोराला हात घातला. बोटे मिटेनात. तो पाण्याखाली गेला. मी उडी टाकली, शेजारी धावला. बाहेर काढले तेव्हा श्वास नव्हता.

तो पिऊन उतरला होता, असे गावाने ठरवून टाकले. वहिनींनी ते निमूट सोसले. मी गप्प राहिलो.

गेल्या हिवाळ्यात कार्यालयातल्या प्रथमोपचार शिबिरात डॉक्टर म्हणाले, गारठलेल्या माणसाची थरथर आपोआप थांबली तर तो बरा झाला असे समजू नका. शरीर हरत चाललेले असते. जीभ जडावते, बोटे ऐकत नाहीत. पुढचे मला ऐकवले नाही.

त्याच रविवारी वळसंगला गेलो. वहिनी ओसरीवर शेंगा फोडत होत्या.

"वहिनी, दादा प्यायला नव्हता. गारठला होता. वर घे म्हणाला, मी घेतलं नाही."

त्यांचे हात थांबले. "त्येंच्या तोंडाला वास नव्हता, भावजी. मला ठावं हाय. पर तुमी का गप बसला?"

"भ्यालो, वहिनी. तेव्हाही आणि नंतरही. मला माफ करा."